उजवा कान

गेल्या हिवाळ्यात परभणीला वराहपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मला तिथं अनुभवी पशुपालक म्हणून बोलावलं होतं. अनुभवी म्हणजे काय, तर पुढच्या रांगेत खुर्ची आणि शेवटच्या दिवशी पिल्लू खच्ची कसं करतात ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. वर ठळक अक्षरात छापलेलं: वराहपालनातील सामान्य संज्ञा. साहेब पोरगेलेसे, पांढराशुभ्र शर्ट, डुकराजवळ कधी उभे राहिलेच असतील तर नाकाला रुमाल लावून. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस मला लांबून ओळखू येतो.

कागदावर पहिलं होतं ‘प्रौढ मादी वराह’. अरे बाबा, डुकरीण म्हण की! पुढं ‘प्रसूती’. डुकरीण प्रसूत होत नाही, ती व्याते. पहिल्या वेताला सात-आठ पिल्लं टाकते, पुढच्या वेताला दहा-अकरा. ‘दुग्धपान विच्छेद’ म्हणजे दूध तोडणं. ‘अल्पवजनी पिल्लू’ म्हणजे खुरटं, ते शेवटच्या सडाला लोंबकळतं आणि रोज कुणाच्या तरी पायाखाली येतं. ‘अनुत्पादक मादी’ म्हणजे भाकड. साहेब एकेक वाचत होते आणि मागच्या रांगेतले बापडे गावाकडचे लोक वहीत उतरवून घेत होते, जसं काही त्यांच्या घरी डुकरं नाहीत, वाघ-सिंह आहेत.

सगळ्यात शेवटी दोन संज्ञा एकाखाली एक होत्या. ‘प्रजननक्षम नर’ आणि ‘नपुंसकीकृत नर’. आमच्या बोलीत एक राखलेला आणि दुसरा खच्ची. साहेबांनी दोन्ही एका दमात वाचल्या आणि चहाची सुट्टी जाहीर केली. मी चहाला उठलो नाही. त्या दोन ओळींच्या मधे मी एका बाईचं घर बुडवलंय.

मी पाथरीचा. घरी दहा-बारा डुकरं आहेत, पण माझी खरी ओळख खच्चीवाला म्हणून. बाप हेच काम करायचा. पिशवीत दोन ब्लेड, लाल औषधाची पुडी, हळद, तेलाची बाटली, जुन्या धोतराच्या चिंध्या. पिल्लं दोन-अडीच आठवड्यांची झाली की लोक बोलावतात. नर पिल्लू उलटं धरायचं, मागचे पाय वर, डोकं आपल्या दोन गुडघ्यांत. औषधाच्या पाण्यानं पुसायचं, दोन चिरा द्यायच्या, गोट्या बाहेर काढून नस खरवडून तोडायची, हळद-तेल भरायचं आणि सोडून द्यायचं. खच्ची केलेलं डुक्कर भांडत नाही, भटकत नाही, अंगाला भरतं आणि मटणाला वास येत नाही. ज्याचा वंश चालवायचा तेवढा एक नर राखायचा. बाकीच्यांना मी.

राखायचा कोणता आणि कापायचा कोणता हे मालक ठरवतो आणि पिल्लाच्या कानाला खाच मारून ठेवतो. आमच्या पाथरीकडं उजव्या कानाला खाच असली की तो कापायचा, डाव्या कानाला असली की राखायचा. पण जिंतूर तालुक्यात गेलं की उलटं. तिकडं उजवा कान मानाचा, उजवी खाच म्हणजे राखलेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाप सांगून गेला होता, “गाव बदललं की आधी कान इचारायचा. आपल्याला येतं म्हणून इचारायचं सोडू नको.” बापाचा स्वभाव थंड होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पालथ्या घड्यावर पाणी.

सात-आठ वर्षं झाली असतील त्याला. जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या पुढं एक वस्ती आहे, तिथल्या एका बाईनं निरोप धाडला होता. बाई साठीकडं झुकलेली, नवरा मेलेला, पोटी कुणी नाही. माझ्या बापाच्या वेळेपासूनचं घर. तिला मी मावशी म्हणायचो, ती मला बापू म्हणायची.

सेलूहून जीप धरली. भर उन्हाळा, जीपमधे माणसं कोंबलेली. पिशवी उघडी राहिली असावी, हळदीचा आणि औषधाचा वास सुटला. शेजारच्या माणसानं विचारलं काय काम करतो. मी सांगितलं. तो सरकला. मग त्याच्या शेजारचा सरकला. ड्रायव्हरनं आरशात बघून गाडी थांबवली आणि म्हणाला, “ए डुकरंवाल्या, मागं लटक.” पूर्ण भाडं दिलेलं होतं मी! पण बोललो नाही. मागच्या शिडीवर उभा राहून धूळ खात गेलो. माझं असंच आहे. जिथं तोंड उघडायचं तिथं दातखीळ बसते, आणि मग ती वाफ भलत्या ठिकाणी निघते.

मावशीनं आधी पाणी दिलं, मग चहा. चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं आणि सांगताना हसत होती. तिचा मोठा नर, ज्याच्यासाठी चार वस्त्यांवरून लोक डुकरिणी घेऊन यायचे, तो दोन महिन्यांपूर्वी वाळूच्या टिप्परखाली गेला. तो नर म्हणजे तिचं सगळं घर. रिवाज असा की ज्याच्या डुकरिणीला नर लावला, त्यानं त्या वेतातलं एक पिल्लू नराच्या मालकाला द्यायचं, तेही मालकानं हातानं निवडून घ्यायचं. वर्षाकाठी अशी बारा-पंधरा पिल्लं तिच्या दारात यायची, ती वाढवून विकायची आणि कुणापुढं हात पसरायची नाही.

“मला वाटलं, झालं आता, सरलं आपलं,” मावशी म्हणाली. “पण ही बया त्याच्यापासूनच गाभण व्हती बग. पंधरा दिवसांमागं व्याली. सात पिल्लं टाकली. पाच माद्या आन दोन नर. त्यातला एक अगदी बापावर गेलाय. आता हेच्या जिवावर मी मरस्तवर बसून खाते.”

हे सगळं मी कानांनी ऐकलं. नंतर कुणी म्हणू नये की मला ठाऊक नव्हतं.

काम सुरू करायच्या आधी मी हौदाजवळ ब्लेड धुतलं. नळावर तीन-चार बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. मावशी मला न्याहाळत होती. बापाच्या आठवणीनं तिचा जीव भरून आला असेल, दुसरं काही नसेल. पण ती म्हणाली, “तुहा बाप दोनदा धुवायचा बरं का ब्लेड. आन त्याचा हात लय हलका. तुहा जरा जडच दिसायलाय.”

नळावरच्या बाया फिसकन हसल्या. एक म्हणाली, “जडच हाय तर मावशे, पिल्लू धरून बस घट!”

बास. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जीपवाल्यानं भाजलेलं होतं, त्यावर हिनं मीठ चोळलं. खरं तर तिनं काहीच केलं नव्हतं. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायला माझ्यासारखा पटाईत माणूस नाही.

मावशीचं काम डुकरीण कोंडून धरायचं. पिल्लू ओरडलं की डुकरीण पिसाळते, माणसाच्या मांडीचा लचका तोडते. म्हणून तिला दगडी भिंतीच्या खोपटात घालायचं आणि फळीच्या दाराला पाठ लावून कुणीतरी बसायचं. मावशी दाराला पाठ लावून बसली, तोंड रस्त्याकडं. मी भिंतीच्या अलीकडं, दुरडीत दोन नर झाकलेले. आमच्या मधे कमरेएवढी भिंत. तिनं तिथूनच आवाज दिला, “बापू, ते कानाचं आमच्याकडं…”

“मावशे,” मी तिचं बोलणं तोडलं, “मी काय काल जन्मलो न्हाई. मला शिकवू नका.”

ती गप झाली. कारागिराला टोकू नये असं तिच्या पिढीचं होतं. बाया पुन्हा हसल्या, ह्या वेळी तिला.

पहिलं पिल्लू उचललं. डाव्या कानाला खाच. मागचा एक पाय वाकडा, टाच आत वळलेली. वाकड्या पायाचा नर मादीवर चढणारच कसा? असलं पिल्लू जगात कुणी राखत नाही, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्या पाथरीच्या रिवाजानं डावा म्हणजे राखायचा. मी ते दुरडीत परत ठेवलं.

दुसरं उचललं. आहाहा! काय पिल्लू होतं. पाठ लांब, मागचे पाय सरळ आणि असे ताठ की माझं मनगट हलवलं त्यानं. दोन्ही गोट्या सारख्या, घट्ट. आयुष्यात हजारो पिल्लं माझ्या गुडघ्यांत आली असतील, हातात घेतल्याबरोबर कळतं कोणतं काय आहे. असा नर वर्षा-दोन वर्षांतून एखादा हाताला लागतो. मी कान बघितला. उजवा.

मला कळलं. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशी नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. मला पूर्ण कळलं होतं. वाकडं पिल्लू राखायचं आणि हे कापायचं असं कुठली बाई ठरवेल? आणि तीही ही बाई, जिनं आत्ताच चहावर मला सगळं सांगितलं? मान वर करून नुसतं “मावशी, उजवा का डावा?” एवढं म्हणायचं होतं. मधे कमरेएवढी भिंत होती. पण विचारलं तर तिचं खरं झालं असतं, बापाचं खरं झालं असतं, आणि नळावरच्या बायांना घरी जाऊन सांगायला एक गोष्ट मिळाली असती. मी मनात म्हटलं, लय शहाणी ना तू? मंग भोग.

ब्लेड चालवलं. दोन चिरा. पिल्लू असं किंचाळलं की नळावरच्या बायांनी कान झाकले. भिंतीपलीकडं डुकरीण दारावर धडका मारायला लागली आणि मावशी पाठीनं दार रेटत ओरडत होती, “गप गं माय, गप, तुझ्या लेकराचं सोनं व्हायलंय!” तिला वाटत होतं, वाकडं पिल्लू ओरडतंय. मी नस खरवडली, तोडली, गोट्या बाजूला टाकल्या. वस्तीवरचं एक कुत्रं टपूनच बसलं होतं, त्यानं त्या जमिनीला लागू दिल्या नाहीत. हळद-तेल भरलं. हात इतका हलका चालला होता की बाप असता तर शाबास म्हणाला असता.

मी म्हटलं, “झालं. सोडा.”

मावशीनं दार सोडलं. डुकरीण सुसाट आली आणि कापलेल्या पिल्लाला हुंगायला लागली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवत उठली, भिंतीला वळसा घालून आली आणि थांबली. आधी तिनं दुरडीतलं वाकडं पिल्लू बघितलं. मग खालचं. मग खाली बसून त्याचा उजवा कान दोन बोटांत धरला आणि खाच चाचपली, जसं काही डोळ्यांवर विश्वास नाही.

“हे व्हतं रं,” ती म्हणाली. “हेच राखलं व्हतं.”

“आमच्याकडं उजवा म्हंजी कापायचा,” मी मोठ्यानं म्हणालो. मुद्दाम मोठ्यानं, नळावर ऐकू जावं म्हणून.

नळावरच्या एका म्हातारीनं हंडा खाली ठेवला. तिचं माहेर आमच्या भागातलं असावं. ती म्हणाली, “हाव, पाथरीकडं तसंच हाय. त्याचं काय चुकलं?”

सुटलो मी! एका म्हातारीच्या तोंडून रिवाजानं मला सोडवलं. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण माझ्यातला राक्षस अजून भुकेला होता. मावशी म्हणाली, “मी सांगायलेच व्हते बापू, कानाचं…” आणि मी खेकसलो, “मंग सांगायचं कामून न्हाई? अर्धं बोलून गप कामून बसल्या? जनावर तुमचं, जबान तुमची, आन आता माझ्यावर?”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, “खरं हाय. चुकलं माझं.”

ती बाई माझी माफी मागत होती. आणि मी माफ केल्यासारखी मान हलवली. एवढंच नाही, तिनं पिठलं-भाकरी केली होती ती वाढली, आणि मी पोटभर जेवून आलो. जेवताना बाजूला ते पिल्लू मागचे पाय फाकवून उभं होतं, बसता येत नव्हतं त्याला.

पुढं व्हायचं तेच झालं. वाकड्या पायाच्या पिल्लाला तिनं राखून बघितलं. वर्षभरानं ते चढायला जायचं आणि घसरून पडायचं, लोक बघून हसायचे. चार वस्त्यांवरच्या डुकरिणी दुसऱ्याच्या नराकडं जायला लागल्या. दारात येणारी पिल्लं थांबली. ह्या सगळ्याची खबर मला मिळत होती, कारण खच्चीवाल्याला सगळ्यांच्या घरच्या खबरा मिळतात. मी दर वेळी “आरारा” म्हणायचो आणि पुढचं पिल्लू उचलायचो.

मग एक दिवस, सकाळी नऊ-दहाचा सुमार, मावशी पाथरीत माझ्या दारात उभी. एष्टीनं आली होती. हातात पळसाच्या पानांत बांधलेलं, वरून फडकं गुंडाळलेलं काहीतरी. आमच्यात रिवाज आहे. खच्ची केलेलं डुक्कर कापलं की त्याची कलेजी खच्चीवाल्याची. पण जवळपासच्या घरांतून येते ती. चारठाण्याकडून दोन गाड्या बदलून कलेजी घेऊन कुणी येत नसतं.

“त्याला कापलं काल,” ती म्हणाली. “लय भरला व्हता अंगानं. हा तुझा वाटा.”

बायको आत भांडी घासत होती. मी मावशीला बसा म्हटलं, ती बसली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, “बापू, एक इचारायचं व्हतं. इतके दिवस मनात ठेवलं. राग नको मानू.”

“इचारा.”

“तू एवढा जुना माणूस. एवढं देखणं पिल्लू. हातात घेतल्यावर हाताला कळलं न्हाई का?”

ती माझ्या हातांकडं बघत होती, तोंडाकडं नाही. तिला कळायचं ते कळलंय, ती भांडायला आलीय, शिव्या द्यायला आलीय, असं वाटलं मला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. तिनं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर मी उभ्या उभ्या खाल्ल्या असत्या. पण आधी मारायला पाहिजे ना! नुसतं विचारलं. आणि जित्याची खोड. मी म्हणालो, “न्हाई मावशी. न्हाई कळलं.”

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या आणि ती चक्क हसली.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “माझ्या मनात लय वाईट यायचं. वाटायचं, ह्याला कळलं आसंल. त्याच्या बापाला कळलं असतं, मंग ह्याला कसं न्हाई? माणसाबद्दल असं मनात आणू ने. उगं तुला दोष लावला मी.” आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग फडकं सोडवून घेतलं, झटकून घडी घातली आणि दुपारची गाडी गाठायला निघून गेली.

बायकोनं विचारलं कोण होतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक. तिनं कांदा-खोबरं वाटून कलेजी केली. मी खाल्ली. बायको म्हणाली, आज भाकरी जास्त खाल्ली तुमी.

परभणीच्या त्या प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी मी पिल्लू खच्ची करून दाखवलं. ब्लेड दोनदा धुतलं. मग सगळ्यांना सांगितलं, आधी मालकाला कान विचारा. कुणीतरी विचारलं, नाही विचारलं तर? तेव्हा मी ही गोष्ट सांगितली, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तेवढी, रिवाजाच्या चुकीची. लोक हळहळले. साहेब म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते, आणि टाळ्या वाजवल्या.

एकेक करून विकावी लागली, मावशीकडं आता डुकरं नाहीत. कापूस वेचायला जाते, खुरपायला जाते. त्या वस्तीवर मला अजून बोलावतात, कारण तिनंच सगळ्यांना सांगून ठेवलंय की त्याचा हात साफ आहे, त्याला दोष देऊ नका, चूक माझ्या जिभेची झाली. मी गेलो की ज्याच्या घरी काम असेल तिथं ती रोजगार बुडवून येते. कुणी न सांगता खोपटाच्या दाराला पाठ लावून बसते, डुकरीण अडवून धरते. आणि मी दुरडीत हात घातला रे घातला की भिंतीपलीकडून ओरडते, पिल्लागणिक ओरडते, वस्तीला ऐकू जाईल असं, “बापू, उजवा राख! डावा काप! ऐकलं का रं?”

मी म्हणतो, हाव मावशी.